कोपीवरची बाळंतीण कुणाच्या यादीत?

गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांचा, म्हणजे आशाताईंचा, संप २०२३च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला आणि २०२४च्या जानेवारीत पुन्हा पेटला, तेव्हा वाळवा तालुक्यातल्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर रोज वाद चालायचा. त्या स्वयंसेविका, त्यांना पगार कसला, असं एका बाजूचं म्हणणं. मार्चमध्ये सरकारनं मानधनात महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली, तरी ‘घरोघर फिरून चौकशी करायला एवढे पैसे?’ हा सूर काही गेला नाही. मग जुलैपासून लाडकी बहीण आली आणि बायकांच्या खात्यावर १,५०० रुपये पडले की झालं, असं म्हणणारे वाढले.

मी रॉटरडॅममध्ये राहते. माझं पहिलं बाळंतपण इथंच झालं. पैसे बायकांच्या हातात यावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण बाळंतिणीच्या पहिल्या सहा आठवड्यांत दारात येणारी, शिकलेली आणि कामाचा मोबदला मिळणारी बाई पैशानं भरून निघत नाही. आणि उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या ऊसतोड मजूर बाळंतिणीला तर ती हक्कानं मिळतच नाही.

नेदरलँड्समध्ये या सेवेला क्रामझोर्ख म्हणतात. बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस एक प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते. खर्च सक्तीच्या आरोग्य विम्यातून होतो, थोडा वाटा आपला. माझ्याकडे यायच्या त्या बाई आल्या की आधी हात धुवायच्या आणि पाळण्याकडे न जाता माझ्याकडे यायच्या. रक्तस्राव किती, ताप आहे का, टाके कसे आहेत हे बघायच्या. पोटावर हात दाबून गर्भाशय किती खाली आलंय ते तपासायच्या आणि सगळं एका वहीत लिहायच्या. मग बाळाचं वजन. माझी आई सांगलीहून डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन आली होती. बाळाला तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, यावर ती ठाम. त्या बाईंनी तिला अडवलं नाही. शेजारी बसल्या, टबात थर्मामीटर सोडला, थोडं गार पाणी ओतलं आणि आईला मान हलवून ‘आता घाला’ असं खुणावलं. चौथ्या दिवशी मला सारखं रडू येत होतं. त्यांनी नवऱ्याला चहा करायला पाठवलं, माझ्याजवळ बसल्या आणि जाताना सुईणीला फोन करून सांगून गेल्या.

हे लाड नव्हेत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब हे बाळंतिणीचे मोठे धोके पहिल्या दिवसांतच असतात, आणि नवजात बाळांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. दवाखान्यातून तोवर घरी पाठवलेलं असतं.

इथं सगळं उत्तम आहे, असं कुणी समजू नये. कर्मचारी कमी पडतात, ठरलेले तास मिळत नाहीत. तासाला थोडे पैसे भरावे लागतात म्हणून गरीब आणि स्थलांतरित घरं कमी तास घेतात, म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यांनाच सेवा कमी. विसेक वर्षांपूर्वी युरोपातल्या आकडेवारीत जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचं इथलं प्रमाण बऱ्याच शेजारी देशांपेक्षा जास्त निघालं, तेव्हा हा देश हादरला होता. रॉटरडॅममध्ये तर एका वस्तीत आणि दुसरीत मोठी तफावत होती. मग महापालिका आणि इथलं विद्यापीठाचं रुग्णालय यांनी मिळून कार्यक्रम हाती घेतला. २०१८पासून ‘कान्सरैके स्टार्ट’ नावाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गावोगावी सुईणी, महापालिका, बालआरोग्य केंद्रं आणि कर्ज-घरभाड्याच्या अडचणी सोडवणारे लोक एका टेबलाला बसतात. घरभाडं थकलेल्या गरोदर बाईला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, हे इथल्या यंत्रणेनं मान्य केलं. मला या देशातलं सगळ्यात घेण्यासारखं हेच वाटतं.

घरी जाऊन बघण्याची कल्पना मात्र आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांनी १९९९ मध्ये जगासमोर मांडलं. त्यावरूनच २०११ मध्ये देशभर आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, अशा सहा भेटी. या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये. भेटीमागे पुरते पन्नासही पडत नाहीत.

तरी जिथं आशाताई पोचते तिथं फरक पडतो. २०१८-२०च्या आकडेवारीत महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ३३ होतं, देशाचं ९७. मिरजेत वानलेस दवाखाना १८९४मध्ये सुरू झाला आणि आज तिथं गल्लोगल्ली रुग्णालयं आहेत. सांगलीत डॉक्टर मिळत नाही, अशी स्थिती नाही. पण सरासरीच्या मागं कोण दडलंय ते बघायचं तर गळीत हंगामात वाळव्यात, पलूसमध्ये, कराडच्या बाजूला उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात तिथं जावं लागतं. बीडहून, आमच्याच जत तालुक्यातून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, त्यामुळे एक दिवस पडून राहिलं की खाडा. आठव्या महिन्यातली बाई मोळ्या बांधते आणि बाळंत झाल्यावर काही दिवसांत पुन्हा फडात उतरते. माहेर लांब, सासू गावी थोरल्या मुलांजवळ. सव्वा महिना कुणी पाळायचा?

आशाताईचं काम गावच्या लोकसंख्येवर बांधलेलं, साधारण हजारामागे एक. कोपीवरची बाई त्या हजारात नसते. तिची नोंद तिकडं गावाकडं, माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत. माझी एक वहिनी आशा आहे. ती झोळीचा वजनकाटा घेऊन कोपीवर जाते, स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून. मी विचारलं तर म्हणाली, “ताई, यादीत नाही म्हणून बाळाचा ताप थांबतोय व्हय?” एका बाईच्या चांगुलपणावर यंत्रणा चालवायची नसते.

ऊसतोड मजुरांची टोळी कुठं आहे हे कुणालाच माहीत नसतं, असंही नाही. कारखान्याला पक्कं माहीत असतं. मजूर आणणाऱ्या कुठल्या मुकादमाचे किती कोयते, आज कुणाच्या फडात, उद्या कुठल्या शिवारात, हे कारखान्याच्या शेती खात्याच्या दप्तरात आणि फडावर फिरणाऱ्या त्याच्या माणसाच्या, चिटबॉयच्या, तोंडावर असतं. उसाच्या प्रत्येक खेपेची चिठ्ठी फाटते, पण त्या फडातल्या गरोदर बाईचा कागद कुणाकडे नसतो. म्हणून माझा आग्रह आहे की आरोग्य खात्यानं कारखान्याला सोबत घ्यावं. साखर करणं एवढंच कारखान्याचं काम, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांकडे बघावं. इथल्या कारखान्यांनी शाळा काढल्या, कॉलेजं काढली, सभासदांच्या घरची लग्नंसुद्धा लावली. त्यांच्या उसाला हात लावणारी बाई तेवढी परकी कशी?

पैशाची वाटही आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलेलं आहे. त्यातून कोपीवरच्या भेटीचा वेगळा, गावातल्या भेटीपेक्षा जास्त मोबदला आशाताईला मिळावा. अंतर जास्त, वाट वाईट आणि बाई पहाटेच फडात गेलेली, त्यामुळे एका भेटीला दोनदा हेलपाटा पडतो.

सप्टेंबरात कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात आणि दराच्या विषयावर गदारोळ होतो. त्याच सभेत एखाद्या सभासदानं उठून एवढं मागावं. टोळीच्या करारात गरोदर बायकांची नोंद आणि कार्डाचा नंबर असावा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे खाडा धरू नये, आणि त्या कोयत्याची तूट कारखान्यानं मुकादमाला भरून द्यावी, नाहीतर मुकादम ती नवऱ्याच्या हिशोबातून कापणार. गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत, म्हणजे गाळप सुरू होण्याआधी, ती यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे, आणि टोळी शिवार बदलेल तेव्हा चिटबॉयनं त्या गावच्या आशाताईला एक फोन करायला हवा.