धूलिकण गोल मानून चालते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सहारातील धुळीवरच्या लेखात मी कणांच्या आकाराला (म्हणजे ते गोल की वेडेवाकडे याला) अवास्तव महत्त्व दिले, हा आपला मुख्य आक्षेप. हवेत अब्जावधी कण वाटेल त्या दिशेला कललेले असतात, त्यामुळे त्यांचा वेडेवाकडेपणा सरासरीत विरून जातो आणि गोल कण मानले तरी काम भागते, असे आपण म्हणता. शिवाय कणांचे आकारमान (ते किती मोठे) आणि त्यातील खनिजेच जिथे नेमकी ठाऊक नाहीत, तिथे आकाराचा काथ्याकूट कशासाठी, असाही आपला प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नात बरेच तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो. पहिले विधान मात्र चुकीचे आहे. पण ते ऐकताक्षणी पटते, म्हणूनच त्याचे उत्तर विस्ताराने द्यावेसे वाटते.

जाड पोह्याचा एक दाणा डोळ्यांसमोर आणा. तो सर्व दिशांनी फिरवत राहा आणि दर वेळी त्याच्या सावलीचे क्षेत्रफळ मोजून सरासरी काढा. ही सरासरी त्याच घनफळाच्या साबुदाण्याच्या सावलीइतकी येईल का? येणार नाही. कुठेही खळगा नसलेल्या वस्तूची सरासरी सावली तिच्या पृष्ठफळाच्या बरोबर एक चतुर्थांश असते, हे कोशी या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केले आहे. ठरावीक घनफळाला सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचे असते. म्हणजे दाणा कितीही फिरवला, तरी त्याची सरासरी सावली गोलापेक्षा मोठीच राहणार. २०२० साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ठिकठिकाणची मोजमापे एकत्र करून धूलिकणांची सर्वसाधारण ठेवण काढली: रुंदी १ धरली तर लांबी १.७ च्या आसपास आणि जाडी ०.४ च्या आसपास. या मापांचा लंबगोल घेऊन मी हिशेब केला, तेव्हा सरासरी सावली समान घनफळाच्या गोलापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी मोठी आली. सरासरी काढल्याने कणाची दिशा पुसली जाते, त्याचा चपटेपणा पुसला जात नाही.

प्रकाशाच्या विकिरणात, म्हणजे कणांवर आदळून विखुरण्यात, हा फरक आणखी ठळक होतो. गुस्ताव्ह मी यांनी १९०८ मध्ये गोल कणांसाठी मांडलेले गणित आजही धुक्याच्या थेंबांना चपखल लागू पडते. लेझर सोडून परतणारा प्रकाश मोजणाऱ्या लायडर या उपकरणाने ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) किरण सोडला आणि तो अशा एखाद्या थेंबावरून सरळ मागे परतला, तर त्याचे ध्रुवण जसेच्या तसे राहते. धुळीवरून परतणाऱ्या प्रकाशात मात्र मूळ ध्रुवणाला काटकोनात असलेला भागही मिसळलेला असतो. २००६ मध्ये मोरोक्कोतील वारझाझात येथे झालेल्या सामुम या सहारा-धुळीच्या अभ्यास मोहिमेत ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीला या दोन भागांचे गुणोत्तर ०.३ च्या आसपास मिळाले. प्रकाश गोल कणांवरून एकदाच विखुरला, तर ते शून्य असायला हवे. ते कणही वाटेल त्या दिशेलाच कललेले होते. वेडेवाकडेपणा खरोखर सरासरीत विरत असता, तर लायडर वाहणाऱ्या कॅलिप्सो उपग्रहाला धूळ आणि धूर वेगळे ओळखण्याची मुख्य खूणच मिळाली नसती.

गोल कण मानल्याने दुसरी अडचण होते ती प्रमाणाची. त्याच आकारमानाचा आणि त्याच खनिजाचा गोल कण लायडरकडे खूपच जास्त प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे मिळालेल्या संकेताचा अर्थ गोल कण धरून लावला, तर वातावरणातील धूळ खऱ्यापेक्षा निम्मी किंवा त्याहूनही कमी निघू शकते. जमिनीवरून आकाशाचा उजेड मोजणाऱ्या एरोनेट या उपकरणांच्या जागतिक जाळ्यातही असेच घडत होते. गोल कणांचे गणित वापरले की प्रत्यक्षात नसलेले बारीक कण उत्तरात उगवत, कारण बाजूला विखुरलेल्या जादा प्रकाशाचे श्रेय कुणाला तरी द्यावेच लागे. पुढे लंबगोल कण धरून केलेले गणित स्वीकारले गेले. म्हणजे आपण ज्याला अधिक महत्त्वाचे मानता ते आकारमानच आकाराच्या चुकीमुळे चुकते; या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत.

आकारामुळे धूळ आठवडाभर हवेत टिकत नाही, असे आपण लिहिलेत; ते अर्धे बरोबर आहे. २० मायक्रॉन व्यासाचा गोल खनिजकण सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर वेगाने खाली येतो, म्हणजे ५ किलोमीटर उंचीवरून दोन दिवसांच्या आत जमिनीवर. सहारातून अटलांटिकपलीकडच्या बार्बाडोस बेटावर पोहोचायला धुळीला जवळजवळ आठवडा लागतो, तरीही एवढ्या मोठ्या आकारमानाचे कण तिथे सापडतात. चपट्या कणाला हवेचा रोध जास्त होतो. त्याच २०२० च्या अभ्यासानुसार त्यामुळे त्याचा हवेतील मुक्काम सुमारे २० टक्क्यांनी लांबतो. तेवढ्याने आठवडा भरत नाही, हा आपला मुद्दा रास्त आहे. धुळीच्या थरातील हवेच्या उभ्या हालचालींचाही त्यात वाटा असणार. पण कमी पडणारे कारण म्हणजे खोटे कारण नव्हे.

२३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश पांढुरके झाले, तेव्हा गच्चीतल्या काचेवरची पूड मी पारदर्शक चिकटपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यात शहराची स्वतःची धूळ मिसळलेली होती, त्यामुळे तो पुरावा म्हणून मी मांडत नाही. मात्र फुटक्या कडांचे तुकडे, अभ्रकासारखे चमकणारे पापुद्रे आणि एकमेकांना चिकटलेले कणांचे पुंजके पाहिल्यावर या गणिताविषयीची माझी आस्था वाढली, हे खरे.

आता आपला दुसरा प्रश्न. पुढच्या दिशेला जाणाऱ्या प्रकाशात गोल आणि वेडेवाकडे कण जवळजवळ सारखेच वागतात. पृथ्वीच्या उष्णतेचा ताळेबंद मांडताना सर्व दिशांच्या प्रकाशाची बेरीज घेतली जाते, म्हणून तिथे कणांचे आकारमान आणि हेमेटाइटसारख्या लोहखनिजांचे शोषण आकारापेक्षा जास्त वजनदार ठरते. ठरावीक कोनातून पाहणाऱ्या उपग्रहाला आणि लायडरला ही सवलत मिळत नाही. माझ्या लेखात ‘गोल कण मानणे ही प्रत्येक हवामान मॉडेलमधील मोठी चूक आहे’ असे सरसकट विधान होते. ते चुकले होते, आणि आपल्या प्रतिक्रियेमुळेच माझ्या लक्षात आले. ‘प्रत्येक हवामान मॉडेल’ हे शब्द काढून मी आता तिथे ‘सुदूर संवेदन (उपग्रह, लायडर यांनी दुरून केलेली मोजणी) आणि भरड धुळीचा प्रवास’ असे लिहिले आहे.