वड्यात तंबू टाकू नका रे

आज सकाळी शेजारच्या पोराचं स्टेटस बघितलं अन् चहा गार झाला. सौताड्याच्या धबधब्याखाली, विंचरणेच्या पात्राला चिकटून केशरी तंबू, पुढं चूल, वर गाणं. खाली बदामांचा सडा. एकानंही विचारलं नाही, की बाबा, वरच्या अंगाला पाऊस झाला तर पळणार कुठं?

कॉलेजात आम्हीही हाच शहाणपणा केला होता. गौताळ्याच्या कडेचा ओढा, कोरडी मऊ वाळू, डोक्यावर चांदणं. मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. "पोरंहो, डोंगरात इजा चमकायल्यात. वड्यातून निघा." आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी.

चांदणं होतं ना! हेच तर कळत नाही कुणाला. आपल्यावर थेंब नसतो, पाऊस डोंगरात पडतो अन् पाणी इथं येतं. काळा खडक, मुरतंय कुठं? 2021 च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळल्या अन् खाली चाळीसगावात पाणी शिरलं, विसरलात? शहर म्हणतोय मी. तुमच्या तंबूची काय कथा!

बरं, मान्य, आपल्याकडं हिरवं दिसतं तेच चार महिने. पोरांनी जावं कुठं? जा की. पण काठ सोडून उंचवट्यावर. उघड्या टेकाडाच्या डोक्यावर नको, एकट्या झाडाखाली तर नकोच. दरसाल विजेनं माणसं जातात, ढोरं जातात आपल्याकडं. एवढे ॲप टाकता, एक विजेचा इशारा देणारं दामिनी टाका. तंबूची चेन रात्रभर बंद. मण्यार अंथरुणात येते, चावलेलं कळतही नाही, पहाटे पोट दुखायला लागतं. मग मांत्रिक नको, ब्लेड नको, थेट सरकारी दवाखाना.

तर त्या रात्री. एक जण लघवीला उठला म्हणून वाचलो. बॅटरीच्या उजेडात त्याला पाला अन् काड्या वाहताना दिसल्या. मग गढूळ पाणी, मग आवाज, भरलेला ट्रक घाट उतरावा तसा. अनवाणी काठ चढलो. तंबू, दप्तरं, आईचं पातेलं, सगळं गेलं. सकाळी म्हातारा त्याच वाटेनं आला. एक शब्द बोलला नाही, आमच्याकडं बघून बिडी पेटवली. त्याचं नावही विचारलं नाही आम्ही. ते अजून टोचतं.

एवढं लिहून पोराला फोन लावला. "काका, व्हिडिओ मागच्या रविवारचा आहे, घरीच आहे मी." बरं. येत्या रविवारी परत चाललेत म्हणे, मलाही बोलावलंय. जातो. पातेलं मात्र त्यांच्या घरचं.