प्लग लावला म्हणजे बॅटरी सुटीवर गेली असे नव्हे

आरव्हीधारकांमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या मालकांमध्ये, एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. कॅम्पग्राउंडच्या खांबावरची वीज गाडीला जोडली की राहत्या भागाच्या बॅटरीची काळजी मिटली. ती तेव्हा वापरातच नसते, भरली की चार्जर थांबतो, मीटरवर 13 व्होल्टच्या पुढचा आकडा दिसला की ती ठणठणीत समजावी, आणि लिथियमची असेल तर तिच्याकडे पाहायचेही कारण नाही. यातले प्रत्येक विधान अर्धे खरे आहे आणि पंचाईत नेमकी तिथेच आहे.

बॅटरी वापरात नसते, हे पहिले विधान. बाहेरून आलेल्या एसी विजेचे कन्व्हर्टर 12 व्होल्ट डीसीत रूपांतर करतो आणि दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा त्यावर चालतात, हे मान्य. मात्र बॅटरी त्याच तारांना समांतर जोडलेली असते आणि स्लाइड-आउटची, म्हणजे गाडीचा बाहेर सरकणारा भाग हलवणारी, मोटर एकदम जास्त करंट ओढते तेव्हा उरलेला भार तीच उचलते. शिवाय अनेक गाड्यांत बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला की ती कन्व्हर्टरपासूनही तुटते. मालक प्लग लावून निश्चिंत असतो आणि आत बॅटरी हळूहळू उतरत राहते.

चार्जर थांबतो, हे दुसरे विधान सर्वांत महागात पडते. कन्व्हर्टर सहसा थांबत नाही, तो एक ठरावीक व्होल्टेज धरून ठेवतो. चांगला बहुटप्पी चार्जर आधी सुमारे 14.4 व्होल्टपर्यंत नेतो आणि नंतर 13.2 ते 13.6 च्या आसपास उतरतो, तर जुन्या धाटणीचे एकटप्पी कन्व्हर्टर भरलेल्या बॅटरीलाही आठवडेच्या आठवडे 13.6 ते 13.8 व्होल्ट देत राहतात. भरलेल्या लेड-ॲसिड (शिशाच्या प्लेट आणि ॲसिड असलेल्या) बॅटरीत मुरणारी ही जादा वीज पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करते आणि पाणी कमी होत जाते. उन्हाळ्यात हे आणखी वेगाने होते, कारण तापमान दर अंश सेल्सियसने वाढले की 12 व्होल्टच्या बॅटरीला लागणारे व्होल्टेज अंदाजे 0.02 ते 0.03 व्होल्टने कमी व्हायला हवे, आणि तापमान मोजणारा सेन्सर नसलेल्या चार्जरला याचा पत्ताच नसतो.

म्हणून सतत जोडलेल्या गाडीत महिन्यातून एकदा, चश्मा आणि हातमोजे घालून, ठिणगी किंवा ज्योत जवळ नाही याची खात्री करून लेड-ॲसिड बॅटरीची झाकणे उघडावीत. प्लेट उघड्या दिसल्या तर त्या जेमतेम बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे, बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्यावी आणि मगच पातळी झाकणाखालच्या नळीच्या किंचित खालपर्यंत आणावी. चार्ज होताना द्रव फुगतो, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलेले ॲसिड बाहेर येऊन टर्मिनल आणि पेटी खाते. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार प्लेटवर बसतात. एजीएमसारख्या सीलबंद बॅटरीत तर पाणी घालण्याची सोयच नसते, तेव्हा तिला जास्त चार्जिंग अधिकच बाधते.

मीटरचे म्हणाल तर प्लग लावलेला असताना दिसणारे 13.5 व्होल्ट चार्जरचे असतात, बॅटरीचे नव्हेत. प्लग काढून, सगळे भार बंद करून काही तासांनी मोजावे: भरलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते, 12.1 च्या आसपास ती निम्म्यावर आलेली असते. एकूण आकडा बरा असूनही बॅटरीतला एखादा सेल (कप्पा) कमकुवत असू शकतो. तो हायड्रोमीटरने सेलागणिक ॲसिडची पाण्याच्या तुलनेतली घनता पाहिली की पकडता येतो. भरलेल्या सेलची घनता साधारण 1.265 ते 1.280 असते.

राहिली लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. पाण्याची कटकट तिला नाही, पण लेड-ॲसिडसाठी बनवलेल्या चार्जरचा उच्च व्होल्टेजचा इक्वलायझेशन टप्पा (सगळे सेल एकसारखे भरण्यासाठीचा) तिला चालत नाही, आणि कायम 100 टक्क्यांवर, विशेषतः उष्णतेत, ठेवणे तिच्या आयुष्याच्या मुळावर येते. शून्य अंश सेल्सियसखाली तिला चार्ज केले तर सेलमध्ये धातुरूप लिथियम साचून कायमचे नुकसान होते. तिच्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत, थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे की नाही, हे थंड रात्री प्लग लावण्यापूर्वी पाहिलेले बरे.