आईचं शुगरवालं जेवण पण सरकारी फाईलमधे जातं

दादा जर्मनीत असतो, तर आईबाबांची तिकिटं काढायला परवा धरमपेठेतल्या एजंटकडे बसली होती मी. नागपूर-दोहा, पुढं फ्रँकफर्ट. आईला शुगर आहे अन् गुडघेही गेलेत, म्हणून त्यानं स्क्रीनवर दोन कोड टाकले, डीबीएमएल म्हणजे शुगरवाल्यांचं जेवण, डब्ल्यूसीएचआर म्हणजे व्हीलचेअर. आधीच्या कोणाच्यातरी बुकिंगवर व्हीजेएमएल होतं, जैन जेवण. चार अक्षरांत माणसाचा आजार कळला, धर्मही कळला!

हे सगळं, म्हणजे नाव, फोन, पैसे कशानं भरले, सोबत कोण, बॅगा किती, विमान सुटायच्या 24 तास आधी कस्टमवाल्यांकडे जातं. ऑगस्ट 2022 चे पीएनआर, म्हणजे प्रवाशाच्या बुकिंगच्या नोंदीचे, नियम आहेत ना, त्यात आहे. 5 वर्षं ठेवायचं, अन् गरज वाटली तर दुसऱ्या देशालाही देता येतं. सोनं आपल्या सोनेगावच्या विमानतळावरही सापडते, तस्कर पकडायलाच पाहिजे, त्याबद्दल वादच नाही. धर्म, तब्येत यावरून कोणाला हेरायचं नाही हेही नियमात लिहिलंय, दरवर्षी ऑडिटही आहे. पण ऑडिट सिस्टीमचं होते, माझ्या आईची माहिती अमुक देशाला काहून दिली हे देण्याआधी विचारणारा कोण? ठेवणारं खातं तेच, ठरवणारंही तेच, जज कुठंच नाही.

आणि तीच आई फ्रँकफर्टला उतरली की कायदा बदलते. युरोपियन युनियनच्या कोर्टानं 21 जून 2022 ला, म्हणजे आपले नियम यायच्या दीड महिना आधी, सांगून टाकलं की सगळ्यांचा डेटा सरसकट 5 वर्षं ठेवायचा नाही, 6 महिन्यांनंतर ठेवायचा तर त्या माणसाबद्दल काही ठोस पाहिजे, अन् नंतर रेकॉर्ड उघडून कोणाला द्यायचा तर आधी कोर्टाची नाहीतर स्वतंत्र यंत्रणेची परवानगी घ्या. आपल्या सुप्रीम कोर्टानं तर 2017 मधेच, 9 न्यायाधीशांनी एकमतानं, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलंय. मग आईला हे संरक्षण जर्मनीत गेल्यावरच काहून मिळावं?

बाबा म्हणाले, "आपण काय चोर आहो काय, पाहू दे ना." मी म्हटलं बाबा, उद्या कोणी घराची झडती घ्यायला आलं तर तुम्ही पहिले कागद मागाल की नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत.

मला दोनच गोष्टी पाहिजे. फाईल देशाबाहेर पाठवायच्या आधी न्यायाधीशाची सही, अन् तपासाला धक्का लागणार नाही तेव्हा त्या माणसाला कळवणं की तुमची माहिती कोणाला दिली. विदर्भातल्या खासदारांनी हे लोकसभेत विचारावं, मी पत्र लिहून राहिली आहे, सोबत सही करायची असेल त्यांनी कमेंटमधे सांगा.