पूर्णविरामानं गिळलेलं साल

लातूरच्या आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मार्कडाउन शिका. नियम २००४ पासून लिहून ठेवलेत, कॉमनमार्कनं उरलासुरला घोळही मिटवला, आणि भाषा कुठलीही असो, फरक पडत नाही.’ (मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच तारे, अंडरस्कोर, आकडे अशा खुणा घालून ठळक, तिरपं, यादी करायची पद्धत; कॉमनमार्क म्हणजे तिच्याच नियमांची काटेकोर मांडणी.) शिका, हे बरोबर. बाकीचं काही पटत नाही.

नियम लिहिलेत खरे. जॉन ग्रुबरनं २००४ साली वर्णन लिहिलं, सोबत या खुणांचं वेबपानात रूपांतर करणारा, पर्ल या संगणकभाषेतला प्रोग्राम दिला. पण यादीच्या पोटात यादी घालायची तर डावीकडं किती जागा सोडायची? मुद्द्याच्या पुढच्या परिच्छेदाला चार स्पेस, एवढं वर्णनात आहे. पोटयादीचं स्पष्ट नाही. मग ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला.

मुक्तिसंग्राम दिनाच्या टिपणात मी ओळ सुरू केली: ‘1948. मराठवाडा मुक्त झाला.’ आकडा, पूर्णविराम, स्पेस. झाली क्रमांकित यादी! मूळ प्रोग्राम सुरुवातीचा आकडा धरतच नाही, त्यामुळं साल गेलं आणि तिथं 1 आला. (पूर्णविरामाआधी बॅकस्लॅश, म्हणजे \ ही उलटी तिरपी रेघ, द्या, हे ग्रुबरनंच सांगितलंय. वाचतो कोण?) २०१४ साली आलेलं कॉमनमार्क 1948 जपतं, पण यादी करायचं काही सोडत नाही.

आता भाषेचं. हेच साल देवनागरीत ‘१९४८.’ लिहा, यादी होत नाही. कॉमनमार्कला क्रमांकात 0 ते 9 एवढेच अंक चालतात. साल वाचलं, पण १., २., ३. अशा लागोपाठ ओळींचे मुद्दे एकाच परिच्छेदात कालवले जातात.

खरा कुटाणा विभक्तीचा. _लातूर_ला असं लिहिलं तर शब्द तिरपा होत नाही, अंडरस्कोर तसेच दिसतात. अंडरस्कोर असलेली फाइलची नावं मोडू नयेत म्हणून शब्दाच्या मधला अंडरस्कोर कॉमनमार्कनं बाद केलाय. आपला प्रत्यय शब्दाला चिकटतो, म्हणून आपण उगं सापडतो. *लातूर*ला मात्र चालतं. तरी ठळक करायला **‘लातूर’**चा लिहिलं की पुन्हा अडतं: आधी विरामचिन्ह, लगेच पुढं अक्षर, अशा जागी तारे बंद होत नाहीत. इथं नियम संदिग्ध नाही, चांगला स्पष्ट आहे. फक्त तो करताना प्रत्यय कुणाच्या डोक्यात नसावा. अवतरणचिन्हं ताऱ्यांबाहेर काढा, ‘**लातूर**’चा, मग ठळक होतं.