बदली होऊन मुंबईला येताय? आधी शाळा किती वाजता सुटते ते विचारा

गेल्या रविवारी कोल्हापूरहून मावसबहिणीचा फोन आला. नवऱ्याची बढतीवर मुंबईला बदली झाली आहे, ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. तिनेही मागे लागून स्वतःची बदली करून घेतली, तिचं ऑफिस फोर्टला. मुलगा जूनमध्ये पाचवीत जाईल, धाकटी पहिलीत. "ताई, बदलापूरला टू बीएचके मिळतोय. तेवढ्या भाड्यात ठाण्यात कुणी दारात उभं करत नाही. करून टाकू का अ‍ॅग्रीमेंट?"

मी विचारलं, तिथली शाळा किती वाजता सुटते? तिला सांगता येईना. कार्पेट एरिया तोंडपाठ, डिपॉझिट ठाऊक, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाचे किती पडतात तेही ठाऊक. शाळेचं "बघू गं, शाळा काय सगळीकडे असतात."

असतात. पण आम्हीही २०१८ साली अगदी हेच म्हणत कोल्हापूरहून इकडे आलो होतो. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितेय. मार्च-एप्रिल आला की बदल्यांचे आदेश निघतात आणि दर वर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं.

आधी हिशोब मांडा. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. गाडीत साधारण दीड तास. घरातून स्टेशन, स्टेशनातून ऑफिस धरलं की जायचे दोन तास, यायचे दोन तास. साडेनऊच्या ऑफिसला साडेसातला घर सोडायचं आणि सहाला निघालात तरी आठला घरात पाऊल. आता मुलांचा दिवस बघा. आपल्याकडच्या कितीतरी शाळा अजून दोन पाळ्यांत भरतात. सकाळची शाळा साडेबाराच्या आसपास सुटते. साडेबारा ते आठ, म्हणजे साडेसात तास. दुपारची शाळा असली तर सकाळभर मूल एकटं. डबा भरून घेणं, गॅस बंद आहे ना बघणं, कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवणं, सगळं त्यानेच करायचं. त्यात २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं राज्य सरकारने ठरवलं. लहान मुलांची झोप व्हायलाच हवी, निर्णय मला मनापासून पटतो. पण साडेसातला घर सोडणाऱ्या आईच्या पहिलीतल्या मुलीला शाळेत सोडणार कोण, हा प्रश्न त्या घरानेच सोडवायचा असतो. आणि दोन भावंडं दोन पाळ्यांत असली की मोठ्याचा धाकट्याला आधार, हीही सोय जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की घर कुठे घ्यायचं ते या साडेसात तासांनी ठरवावं. गाडीतली गर्दी मोठी माणसं सोसू शकतात. मुलांचा रिकामा दिवस त्यांनी एकट्याने सोसू नये.

आम्ही बदलापूर पूर्वेला घर घेतलं होतं. हवा छान, खिडकीतून डोंगर दिसायचे, पावसात तर गाव इतकं हिरवं व्हायचं की सुट्टीच्या दिवशी कुठे जावंसं वाटत नसे. बदलापूरला मी नावं ठेवणार नाही. ज्यांचं काम कल्याण-अंबरनाथकडे आहे किंवा ज्यांच्या घरात आजी-आजोबा आहेत, त्यांनी खुशाल राहावं. आमच्या घरात आम्ही चौघंच. शिवाय कल्याणच्या पुढे त्या बाजूला जायला एक आणि यायला एक असे दोनच रूळ. लोकल, पुणे-सोलापूरकडच्या एक्स्प्रेस, मालगाड्या, सगळ्यांची वाट तीच. अंबरनाथला काही अडलं की मागचं सगळं अडतं. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी वीस-पंचवीस मिनिटं तिथेच.

४ सप्टेंबर २०१९. गणपतीचा तिसरा दिवस, शाळांना सुट्टी. लेक सातवीत, मुलगा तिसरीत. नवरा कामासाठी नागपूरला. दुपारी मिठी नदी फुगली, रुळांवर पाणी चढलं आणि सीएसएमटी-ठाणे वाहतूक थांबली. मी ऑफिसातून निघून सीएसएमटीला पोहोचले तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. रस्तेही तुंबलेले. समोरच्या दारातल्या काकूंकडे पाच दिवसांचा गणपती होता, मुलं तिथेच होती, म्हणून मी त्या रात्री उभी राहू शकले. आठ वाजता मुलाने फोनवर सांगितलं, "आई, आरतीला मी झांजा वाजवल्या." दहानंतर माझा फोन बंद पडला. रात्र वर्तमानपत्र अंथरून फलाटावर काढली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास घरी पोहोचले. मुलं काकूंच्या हॉलमध्ये गाढ झोपलेली. लेकीच्या उशाशी गणिताची वही उघडी पडलेली. मागच्या पानावर तिने गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या, काकूंच्या मोबाईलवर एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं अ‍ॅप उघडून. ५.५८, ६.२२, ६.४७, खाली आणखी कितीतरी. गाडी येऊन गेली, आई आली नाही, की त्या वेळेवर एक आडवी रेघ. अगदी सरळ, पट्टी लावून मारलेली. शेवटच्या तीन वेळांवर रेघ नव्हती. तिथवर येईतो तिला झोप लागली असावी. ते पान मी फाडून कपाटात ठेवलं आहे, अजून आहे.

त्या दिवशी आम्ही जागा बदलायची ठरवली. मध्ये कोविड आला, म्हणून २०२१ उजाडलं. लेक नववीत जात होती. आणखी एक वर्ष गेलं असतं तर मी हललेच नसते, कारण दहावीत मुलाची शाळा बदलू नये असं माझं ठाम मत आहे. या वेळी घर सगळ्यात शेवटी शोधलं. आधी शाळा. मग शाळेपासून मुलांच्या पायांनी दहा मिनिटांत काय काय येतं ते चालून बघितलं: पाळणाघर, पोळीभाजी केंद्र, डॉक्टर, वाचनालय, खेळायला मैदान. त्या वर्तुळात मिळेल ते घर. मिळालं ते डोंबिवली पूर्वेला, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बदलापूरच्या घरापेक्षा लहान आणि भाडं जास्त.

डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या आयांच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेल्यात. त्यामुळे गल्लीगल्लीत पोळ्या लाटून देणाऱ्या बायका आहेत, घरगुती पाळणाघरं आहेत, शाळेतून मूल आणून जेवायला घालून क्लासला सोडणाऱ्या मावश्या आहेत. एखादं मूल रस्त्यात रडत उभं असलं तर दुकानदार नाव विचारतो. नव्या टॉवरांच्या वस्तीत क्लबहाऊस मिळेल, पण ही घडी बसायला तिथे अजून वर्षं लागतील.

पूर्व-पश्चिमेचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. शाळा आणि घर रुळाच्या एकाच बाजूला हवं. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला, तो उघडायला २०२१ चा सप्टेंबर लागला. एका पुलाने कितीतरी मुलांच्या रिक्षा-व्हॅनच्या वेळा बदलल्या. नकाशावर घर आणि शाळा समोरासमोर दिसतात, मध्ये रूळ आहेत हे दलाल सांगत नाही.

डोंबिवलीची गर्दी मी गोड करून सांगणार नाही. सकाळी आठच्या फास्टमध्ये चढणं म्हणजे रोजची लढाई, कितीतरी जण उलटे कल्याणला जाऊन बसून येतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यात जीव गेले. त्या दिवसापासून मी दारात उभी राहत नाही, नवऱ्यालाही राहू देत नाही. सरळ गाडी सोडतो. एमआयडीसीजवळ घर बघत असाल तर तिथल्या कारखान्यांतले २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यातले स्फोटही लक्षात ठेवा. आम्ही तो भाग सोडूनच शोधलं.

बाकीच्या ठिकाणांचं थोडक्यात. ठाणं परवडत असेल तर उत्तमच, पण घोडबंदर रोडला घर घेऊन "ठाण्यात राहतो" म्हणण्यात अर्थ नाही, स्टेशन गाठायलाच पाऊण तास जातो. खारघर-पनवेलला सिडकोने सेक्टर आखतानाच शाळांना जागा ठेवल्या, रस्ते रुंद, मुलांना सायकल चालवता येते. मात्र तिकडच्या हार्बर मार्गावर फास्ट गाडी नाही. पनवेलहून सीएसएमटी म्हणजे प्रत्येक स्टेशन मोजत सव्वा तासाच्या वर. नवी मुंबईत नोकरी असेल तर मी डोळे झाकून तिकडे जाईन. वसईतल्या शाळांबद्दल चांगलं ऐकते, पण पश्चिम रेल्वेच्या बाजूला कधी राहिले नाही, त्यामुळे सल्ला देत नाही.

माध्यमाचंही बोलायला हवं. मुलगा कोल्हापुरात मराठी शाळेत होता. बदलापुरात घराजवळची म्हणून त्याला इंग्रजी शाळेत घातलं. गाव नवं, मित्र नवे, आणि भाषाही नवी. वर्गात हुशार असलेला माझा मुलगा वर्षभर गप्प बसला. बाईंनी विचारलं तर म्हणायचा, मला येत नाही. त्याला येत होतं, फक्त इंग्रजीत येत नव्हतं. डोंबिवलीत त्याला सेमी-इंग्रजीत घातला. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. दिवाळीच्या आत घरी येऊन शाळेच्या गोष्टी सांगायला लागला. मराठी शाळा सगळीकडे कमी होतायत, नव्या कॉम्प्लेक्सच्या भागांत तर शोधूनही सापडत नाहीत. म्हणून मूल मराठी माध्यमातलं असेल तर जुनी वस्तीच बघा. आणि जुन्या शाळेचा दाखला यायला वेळ लागतोय म्हणून कुणी अडवलं तर घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दाखल्याच्या उशिरामुळे प्रवेश अडवता येत नाही.

आणि पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, एक पावसाळा काढा. घाईत फसायला होतं. कल्याण-डोंबिवली पालिका हद्दीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती; २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी महारेराचा नंबर बघूनच पैसे भरले होते. नंबर बघाच, पण पालिकेत जाऊन बांधकाम परवानगीही स्वतः तपासा.

मावसबहीण म्हणाली, शनिवार-रविवारी घरं बघायला येते. मी म्हटलं, शनिवारी अजिबात नको. रविवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकड, सोमवारी पहाटे कल्याणला उतर, दोन्ही मुलांना घेऊन ये, शाळा एक दिवस बुडाली तर बुडू दे. माझ्याकडे अंघोळ-नाश्ता करा. भाऊजींनी आठच्या गाडीने बीकेसीपर्यंत जाऊन यायचं, कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा मिळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. आपण चौघं साडेबाराला शाळेच्या फाटकाशी उभं राहू. मुलं कुणाबरोबर बाहेर पडतात, कुठे वळतात, ते बघत त्यांच्या मागून चालू. घरं दुपारी बघू.