लोथर श्मिड: माझ्याच पोस्टचा खुलासा

१९७२ मध्ये आइसलँडच्या रेक्याविकला झालेल्या फिशर-स्पास्की जगज्जेतेपद सामन्यातील पंच लोथर श्मिड हे 'पत्रव्यवहारी बुद्धिबळाचे जगज्जेते' होते, असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. चूक सर्वस्वी माझी. आता तो मजकूर गटागटांतून फिरतोय, आणि वर कुणीतरी 'स्वतः पटावर कधी खेळले नाहीत' अशी भरही घातली आहे.

दुसऱ्या पत्रव्यवहारी जगज्जेतेपद स्पर्धेचा (१९५६-५९) निकालतक्ता मी आता नीट पाहिला. विजेते सोव्हिएत संघाचे व्याचेस्लाव रागोझिन. श्मिड आणि एंडझेलिन्स त्यांच्या मागे, बरोबरीत. म्हणजे उपविजेतेपद, पोस्टकार्डावर एकेक चाल पाठवून मिळवलेलं हे यशही लहान नाही.

समोरासमोर बसून पटावर खेळण्याचं म्हणाल तर १९५९ मध्ये ते ग्रँडमास्टर झाले. पश्चिम जर्मनीकडून अनेक बुद्धिबळ ऑलिम्पियाड (देशांच्या संघांची स्पर्धा) खेळले. १९६८ ला जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या स्पर्धेत सोव्हिएत ग्रँडमास्टर केरेस पहिले आले, तेव्हा श्मिड त्या वेळचे जगज्जेते पेट्रोस्यान यांच्या बरोबरीने दुसरे होते! रेक्याविकमुळे हा खेळाडू झाकला गेला, एवढंच.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.